हेन्ड्रिक्सचं खोडलेलं नाव

प्रिय विनय,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. दक्षिण आफ्रिकेचं क्रिकेट 1948 नंतर, वर्णद्वेषी राजवट आल्यावर नासलं, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. क्रिकेटचं दार त्याच्या अर्धशतक आधीच लागलं होतं, आणि तेही इंग्रजांच्या केप वसाहतीत. म्हणून आज तुला तिथल्या क्रॉम हेन्ड्रिक्स या वेगवान गोलंदाजाबद्दल लिहितोय.

मार्च 1892. वॉल्टर रीडचा इंग्लिश संघ केपटाउनला न्यूलँड्स मैदानावर केपच्या गौरेतर मलाय समाजातल्या अठरा जणांच्या संघाशी खेळला. हेन्ड्रिक्सने 50 धावांत 4 बळी घेतले. त्याचा वेग पाहून रीडने त्याची तुलना थेट ऑस्ट्रेलियाचा नामांकित वेगवान गोलंदाज स्पॉफर्थ याच्याशी केली आणि इंग्लंडला संघ पाठवाल तर याला नक्की पाठवा, असं सांगितलं.

1894 साली दक्षिण आफ्रिकेचा पहिला इंग्लंड दौरा ठरला. हेन्ड्रिक्सचं नाव चर्चेत होतं, ते गळालं. सामान सांभाळायला म्हणून त्याला न्यावं, अशी एक तडजोडही पुढे आली. हेन्ड्रिक्सने वर्तमानपत्राला पत्र लिहून ती साफ धुडकावली. विनय, त्या काळात, त्या शहरात एका गौरेतर गोलंदाजानं असा जाहीर नकार द्यावा, हे मला त्याच्या चार बळींपेक्षाही मोठं वाटतं.

नाव खोडण्यात पुढाकार होता विल्यम मिल्टनचा. हा दक्षिण आफ्रिकेचा माजी कसोटी कप्तान आणि केपचा पंतप्रधान सेसिल रोड्स याच्या कचेरीतला विश्वासू माणूस. संघ निवडणारे आणि राज्य चालवणारे हात एकच! त्याच वर्षी रोड्सने ग्लेन ग्रे कायदा आणला: आफ्रिकी कुटुंबांच्या जमिनीवर मर्यादा, आणि जिल्ह्याबाहेर मजुरीला न जाणाऱ्या पुरुषांवर कर. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डला पेल्हम वॉर्नर या तरुण इंग्लिश क्रिकेटपटूपाशी रोड्सने स्वतःच सांगितलं, की हेन्ड्रिक्सला आपणच जाऊ दिलं नाही. मिल्टन पुढे दक्षिण ऱ्होडेशियाचा, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचा, प्रशासक झाला. हेन्ड्रिक्सला मात्र केपटाउनच्या मोठ्या स्थानिक सामन्यांतूनही दूर ठेवलं गेलं.

हे वाचताना मला सारखा पळवणकर बाळू आठवतो, आपल्याकडचा दलित फिरकी गोलंदाज. तोच काळ, तेच साम्राज्य. पुण्यात गोऱ्यांना हरवायचं म्हणून हिंदूंनी त्याला संघात घेतलं, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला. तरी 1911 मध्ये तो भारतीय संघातून इंग्लंडला पोचला आणि 114 बळी घेऊन आला. कप्तानपद त्याला कधीच मिळालं नाही, हा आपला अपराध आहेच. पण इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर त्याला गोलंदाजी तरी करता आली. हेन्ड्रिक्सला तेवढंही मिळालं नाही, आणि त्या स्पॉफर्थच्या तोलाच्या माणसाचा एकही कसोटी आकडा आज शोधायला नाही. मला याचा राग येतो.

वर्णद्वेषामुळे 1970 साली बहिष्कार पडेपर्यंत दक्षिण आफ्रिका फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशीच कसोटी खेळली. भारताशी पहिली कसोटी झाली ती नोव्हेंबर 1992 मध्ये, दरबानला. आपल्या प्रवीण आमरेने पदार्पणातच 103 धावा काढल्या ती. आपल्याकडे सगळे आमरेबद्दलच बोलत होते, आणि ते साहजिकच होतं. पण समोरच्या संघात चाळीस वर्षांचा ओमर हेन्री होता. देश कसोटी क्रिकेटमध्ये परतल्यावर त्यांच्याकडून खेळलेला पहिला गौरेतर खेळाडू.

त्या दौऱ्याची कात्रणं तू वहीत चिकटवली होतीस. त्यात हेन्रीचा फोटो असेल तर प्रत काढून पाठव.

तुझा,
श्रीकांत