जुनी होडी आणि तिची मागची फळी

महोदय,

गेल्या रविवारी आपल्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत एक ओळ वाचली. 'फायबर होडी, १६ फूट, इंजिन चालू, नवा रंग, त्वरित विकणे आहे.' बाकी सगळं ठीक, पण 'नवा रंग' वाचून माझा चहा गार झाला.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षं फायबरच्या टाक्या बनवल्या. रेझिनचा वास अजून स्वप्नात येतो. आणि तरीही जुनी होडी घेताना मीच फसलो.

माझा भाचा घोटीजवळ दारणेच्या जलाशयात मासेमारी करतो. तीन वर्षांपूर्वी तो आणि त्याचे दोन साथीदार मिळून होडी घेणार होते. 'मामा, फायबरमधलं तुम्हालाच कळतं,' म्हणून मला रायगडच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. मी वाळूत आडवा होऊन तळ पाहिला, कडांवरून हात फिरवला. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झालं. पंच्याऐंशी हजार मोजले आणि पिकअपमध्ये घालून कसारा घाटाने होडी वर आणली. ज्या फळीला इंजिन लटकतं तिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीला इंजिन नसतं, हा माझा बचाव. भाचेसुनेला तो अजून पटलेला नाही.

होडीची मागची ही सरळ भिंत, मेकॅनिक तिला ट्रान्सम म्हणतात. चाळीस हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन, सत्तर ते शंभर किलोच्या आसपास भरतं. ते वजन तर या फळीवर असतंच, शिवाय वेग घेतला की होडीला ढकलणारा सगळा जोरही हिच्यावरच येतो. म्हणून बहुतेक होड्यांत तिथे आत जाड प्लायवूड घालून दोन्ही अंगांनी फायबर चढवलेलं असतं. बोल्टची भोकं पाडून नीट सील केली नाहीत, की पाणी प्लायमध्ये शिरतं. तळाचं पाणी सोडायच्या बुचाच्या भोकातही प्लायची कड उघडी राहिलेली असते. एकदा आत गेलेलं पाणी सहजी बाहेर येत नाही. फायबर त्याला कोंडून ठेवतं. आणि खारं पाणी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला थोडंफार रोखतं, पावसाचं गोडं पाणी तिला पोसतं. समुद्रावर जेमतेम तग धरून असलेली फळी आमच्या इगतपुरीच्या पावसात दोन हंगामांत गेली.

झालं असं की दुसऱ्या श्रावणात भाचा जाळी काढून परतत होता. जोर दिला की इंजिन मागे कलायचं, सोडला की पुढे यायचं. त्याला वाटलं क्लॅम्प ढिला झाला. काठावर येऊन पाहतो तर फळी आणि बाजूची भिंत मिळते त्या कोपऱ्यात बोटभर चीर. मी जाऊन खालचा बोल्ट काढला, तर भोकातून काळ्या चहासारखं पाणी ठिबकायला लागलं, थांबेचना. आतला पापुद्रा कापला तेव्हा प्लाय चमच्याने खरवडून निघाला, भिजलेल्या पावासारखा, कुबट वासाचा.

यातलं जवळपास सगळं घेण्याआधी दिसलं असतं. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तसंच. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळी बोटा-बोटाच्या अंतरावर ठोकत जायची. टणक आवाज आला तर आत लाकूड शाबूत. मध्येच 'भद्द' असा मेलेला आवाज आला तर तिथे खडूने खूण करा. बोल्टभोवती आणि बुचाच्या भोकाभोवती जास्त वेळ द्या. मग इंजिन अर्धवट वर उचलून त्याचा खालचा पाय धरून वर-खाली रेटा, आणि दुसऱ्या माणसाला नुसतं फळीकडे बघायला सांगा. फळी श्वास घेतल्यासारखी हलली तर तिथूनच घरची वाट धरा. बोल्टचे वायसर आत रुतलेले आहेत का, कोपऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा आहेत का, हे टॉर्च लावून पाहा. बाकी होडी उन्हाने विटलेली आणि मागची फळी तेवढी नव्या नवरीसारखी, असं असेल तर पुट्टीखाली काय झाकलंय ते विचारा. तरीही शंका राहिली तर मालकाच्या परवानगीने आतल्या अंगाने, खाली, तीन मिलिमीटरचं एक भोक पाडायचं. भुसा कोरडा, फिकट आला तर उत्तम. काळा, ओला, ड्रिलला चिकटणारा आला तर सौदा मोडा, नाहीतर किंमत पाडा. भोक इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या घट्ट चिकट रेझिनने, बुजवायला पाच मिनिटं लागतात.

आमची फळी मीच दुरुस्त केली. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, अठरा मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने जोडून. बोल्टची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली आणि मग त्यातूनच नवी पाडली, म्हणजे बोल्ट गळला तरी पाणी लाकडाला लागत नाही. ताडपत्रीखाली अकरा दिवस गेले. मजुरी भाच्याकडून काय घेणार!

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे २०२७ चा सिंहस्थ. गोदेच्या घाटांवर आणि धरणांवर होड्यांची मागणी वाढणार, आणि जुन्या होड्या रंगून बाजारात येणार. संस्था असो की ग्रामपंचायत, खरेदीच्या कागदावर इंजिनाची ताकद आणि लाइफ जॅकेटांची संख्या लिहितात, तिथेच 'मागची फळी ठोकून पाहिली' एवढी एक ओळ घालावी आणि तिच्याखाली फायबरच्या कारागिराची सही घ्यावी.

जाता जाता, त्या जाहिरातीतल्या नंबरवर मी फोन केला होता. फळी ठोकून, गरज पडली तर छोटं भोक पाडून बघू द्याल का, एवढंच विचारलं.

'काका, होडी घ्यायचीय का फोडायचीय?' म्हणाला, आणि फोन ठेवला.

– एक निवृत्त फायबर कारागीर, सातपूर, नाशिक