हिमवादळातलं जागरण

प्रिय मंदार,

दक्षिण कोरियाच्या हान कांग या लेखिकेची ‘वी डू नॉट पार्ट’ ही कादंबरी काल रात्री वाचून झाली. तिला 2024 चं साहित्याचं नोबेल मिळालं म्हणून आणली होती खरी, पण मनात रुतली ती इन्सनची आई.

आधी गोष्ट सांगतो. सोलमध्ये एकटी राहणारी क्योंगहा ही लेखिका. एका हत्याकांडावर पुस्तक लिहिल्यापासून तिची झोपच उडाली आहे. डोळा लागला की तेच स्वप्न, बर्फात उभे काळे ओंडके, त्यांच्यामागे थडगी आणि चढत येणारी भरती. तिकडे तिची मैत्रीण इन्सन हिची बोटं करवतीत सापडतात. जोडलेली बोटं जगावीत म्हणून दर तीन मिनिटांनी त्यांत सुई टोचायची, रात्रंदिवस. जखमेवर खपली धरता कामा नये, दुखणं जाणवत राहिलंच पाहिजे. इथे मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

इन्सनच्या पाखराला दाणापाणी द्यायला क्योंगहा हिमवादळात कोरियातल्या जेजू बेटावर तिच्या घरी जाते. वीज गेलेल्या त्या घरात जिवंत कोण आणि मेलेलं कोण, हे कळेनासं होतं. कुणाला हा भाग रेंगाळलेला वाटेल, मला मुळीच वाटला नाही. सलग वाच.

या गोष्टीमागे खरा इतिहास आहे. 1948 च्या एप्रिलमध्ये जेजूत उठाव झाला. तो चिरडताना अंदाजे 30,000 माणसं मारली गेली, बहुतेक साधे गावकरी. कित्येक दशकं त्याबद्दल बोलायचीही चोरी होती. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती थेट 2003 मध्ये. कादंबरीत उठावाच्या वेळी इन्सनची आई लहान होती. थोरल्या बहिणीबरोबर ती शाळेच्या मैदानात प्रेतांच्या तोंडावरचा बर्फ बाजूला करत आपली माणसं शोधते. पुढे बेपत्ता भावाचा माग काढत राहते, कात्रणं जपते. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून अंथरुणाखाली करवत ठेवते. आपल्याकडे उशाखाली विळा ठेवतात ना, तसंच. मुलीला मात्र आई नुसती दुबळी वाटायची, रागही यायचा. आईनं केवढा शोध घेतला होता, ते तिला आई गेल्यावर कळतं.

दादा गेल्यापासून काकू मध्यरात्री उठून बसतात, असं तू म्हणाला होतास. वाचताना सारख्या त्याच डोळ्यांसमोर येत होत्या. त्यांना लगेच ‘झोप आता’ म्हणू नकोस रे. शेजारी जाऊन बस. दादाचा विषय निघाला तर निघू दे.

पुस्तक इंग्रजीतलं आहे, रविवारी येताना घेऊन येतो. काकूंना त्यांच्या आवडीची शेवंती आणतो, सांग.

तुझा,
अभय