शांत आयुष्य हवंय म्हणालीस, म्हणून

ओतूरजवळ, ता. जुन्नर
मार्चअखेर

प्रिय सुषमा,

तुझा तो भलामोठा व्हॉइस मेसेज सकाळी शेण काढता काढता ऐकला. अर्धा मला कळला, अर्धा गाईने हंबरून खाल्ला. रात्री पुन्हा लावून नीट ऐकला. फोनच करणार होते, पण आपला फोन सुरू झाला की इथे नेमका कुणाचा तरी विळा हरवतो, नाहीतर लाईट येते. म्हणून लिहूनच काढते. जेवणं उरकलीत, आत्याबाई आडव्या झाल्यात, हे मोटर चालू करायला गेलेत. ते घरी येईपर्यंत मला झोप लागत नाहीच.

तर तुम्ही दोघं जागा बघताय. एखादा एकर, विहीर असलेला, पुण्यापासून दोन तासांवर. शनिवार-रविवार जायचं, थोडी भाजी लावायची, चार कोंबड्या पाळायच्या. "शांत आयुष्य गं," असं तू म्हणालीस, तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. राग मानू नकोस. इथे हवा चांगली आहे, पाणी बरं आहे, माणसंही बरी आहेत. शांतता तेवढी नाही.

गेल्या आठवड्यातलाच मंगळवार घे. कांद्याची काढणी धरली होती. बायकांची टोळी उक्ती ठरवलेली. एकदा ठरली की दिवस बदलता येत नाही, कारण त्यांचे पुढचे आठ दिवस बोलून ठेवलेले असतात. आणि गाभण गाय, जिला डॉक्टरांनी अजून आठवडा दिला होता, तिने त्याच पहाटे मनावर घेतलं. चार वाजता उठून बघते तर ऊठबस चाललेली, कास तटतटलेली. डॉक्टरांना फोन लावला, ते दुसऱ्या गावात दुसऱ्या गाईपाशी. मग आम्हीच दोघं. पुढचे पाय दिसले, पायांवर टेकवलेलं नाक दिसलं, तेव्हा जीव जरा खाली पडला. वासरू सरळ असलं की निम्मं काम झालं. तिने कळ दिली की आपण हलकं ओढायचं, ती थांबली की आपणही थांबायचं. साडेपाचला कालवड बाहेर आली. नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्याने खसाखसा पुसली. पहिल्यांदा कान फडफडवले तिने, मग शिंकली.

पण गाय व्याली म्हणजे काम संपलं असं नसतं. जार, म्हणजे वासराभोवतालची वार, पडेपर्यंत राखण बसावं लागतं, नाहीतर गाय तो खाऊन टाकते. त्या कामावर आत्याबाई. पोत्याची घडी करून बसल्या, हातात काठी, आणि तिथूनच अख्ख्या घराला हुकूम. "दूध उतू जाईल गं." "पोराच्या डब्यात काय दिलं?" "ती शेळी बघ कुठे चालली." शेळी कोथिंबिरीच्या वाफ्यात चालली होती. तिला हाकलून येते तोवर टोळीचा टेम्पो दारात. चहाचं आधण ठेवलं आणि सिलिंडर संपला. चूल पेटवली. आणि चहा गाळत असतानाच थ्री फेज आली.

लाईटचं गणित तुला माहीत नसेल. शेतीच्या मोटरला थ्री फेज लागते आणि ती पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. आमची विहीर सामाईक, चुलत्यांमध्ये तिघांची, त्यामुळे पाण्याचे वारही वाटलेले. आपला वार आणि दिवसाची लाईट एकत्र आली की ती सोडायची नसते, मग घरात गाय वीत असो की पाहुणे असोत. हे मोटरीकडे पळाले, तर फ्यूज गेलेला. शेवटी जनावरांच्या घासाला पाणी लागलं, मक्याला नाही.

आता कांदा. कांदा उपटून लगेच कापत नाहीत. पातीसकट ओळीने असा अंथरतात की एका ओळीची पात शेजारच्या ओळीच्या कांद्यावर यावी, म्हणजे ऊन थेट लागत नाही. तीन-चार दिवस तसाच सुकू द्यायचा, मग बोटाचं पेर-दीड पेर मान ठेवून पात कापायची. मान फार आखूड ठेवली की कांदा तिथूनच सडायला लागतो. आधीच काढून वाळलेल्या अर्ध्या एकरात बायका कापायला बसल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या बायका पुढचं रान उपटत होत्या. दुपारी भाकरी सोडल्या, ठेचा-पिठलं एकत्र केलं, कालवडीचं नाव काय ठेवायचं यावर सगळ्यांनी मतं दिली. तीनच्या सुमाराला डोंगराकडून आभाळ भरून आलं.

तुला बाल्कनीत असं आभाळ आलं की भजी आठवतात. इथे पोटात गोळा येतो. कापलेल्या कांद्यात पाणी शिरलं तर तो कांदा साठवायच्या चाळीत महिनाभरही टिकणार नाही. बायकांचं दिवसाचं ठरलेलं काम होत आलं होतं, टेम्पो उभा होता. त्या निघून गेल्या असत्या तरी कुणी बोट दाखवलं नसतं. मुकादम बाईने पदर खोचला आणि म्हणाली, "ढीग घाला गं आधी." पाट्या भरभरून ढीग घातले, वरून पात टाकली. ताडपत्र्या दोन, ढीग पाच. तेवढ्यात शेजारच्या बांधावरून एक जण मोठी निळी ताडपत्री खांद्यावर घेऊन आला. कोण, ते तुला सांगायला हवं. ज्याच्याशी बांध कोरण्यावरून आमचं दोन वर्षं बोलणं नाही, तो. आला, एक टोक ह्यांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः ओढलं, चारी बाजूंनी ढेकळं ठेवली आणि तसाच गेला. ना तो काही बोलला ना हे. पाऊस दहा मिनिटं शिंतडला आणि ऊन पडलं. मग सगळं पुन्हा उघडलं, कारण प्लास्टिकखाली कांद्याला घाम सुटतो. ताडपत्री अजून आमच्याकडेच आहे. परत द्यायला कुणी जायचं यावर घरात चर्चा चालू आहे.

तू विचारलंस, परवडतं का. खरं सांगू? कांद्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. रान चांगलं असेल, रोगराई आली नाही तर एकरी दहा-बारा टन निघतो. पण आपल्याकडे भाव दहा किलोवर बोलतात, आणि तो दहा किलोचा आकडा सकाळचा एक आणि दुपारचा एक असतो. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. तोवर ज्यांना थांबायला जमलं नाही त्यांनी मिळेल त्या भावाने दिला. बंदी उठली तरी वर ४० टक्के निर्यात शुल्क होतंच. नंतर ते २० वर आलं आणि २०२५ च्या एप्रिलपासून गेलं. टोमॅटोचंही तसंच. त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात लोक रस्त्याकडेला ओतून देत होते आणि जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. पेपरात करोडपती झालेल्यांचे फोटो आले. ज्यांनी मे महिन्यात बाग उपटून टाकली त्यांचे फोटो कोण काढणार?

म्हणून माझं मत विचारशील तर, कांदा हा बापयांचा विषय आहे. चावडीवर बोलायला, बाजाराचे व्हॉट्सअ‍ॅप बघायला, पुढच्या वर्षी ट्रॅक्टर घ्यायच्या गोष्टी करायला. घर चालतं ते दुधावर. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार होतो, आणि खातं माझ्या नावावर आहे. फॅट साडेतीन, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) साडेआठ लागला तर पूर्ण भाव. चारा बदलला, उन्हाळा तापला की एसएनएफ उतरतो आणि लिटरमागे पैसे कापतात. तरी ते येतात. पोराची फी, आत्याबाईंच्या बीपीच्या गोळ्या, किराणा, तुझ्याशी बोलायचा रिचार्ज, सगळं त्यातून. लग्न करून आले तेव्हा मला दहा रुपये हवे असले तरी मागावे लागायचे. ते आठवलं की पहाटे चारला उठायचा कंटाळा येत नाही, असं म्हणणार होते, पण येतो. फक्त उठते.

रात्रीचं मात्र गमतीत सांगता येत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि उसात बिबट्या. त्याची पिल्लंही आता उसातच जन्मतात, जंगल त्यांनी पाहिलेलंच नसतं. तोड सुरू झाली की फडात सापडतात, मग वनखात्याची माणसं येतात आणि रात्री आई घेऊन जाईल अशा बेताने तिथेच ठेवतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, शहरातली माणसं बघायला जावं का म्हणून विचारतात. आम्हाला लांब जावं लागत नाही. आमच्या मोत्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा आहे, शेळ्या रात्री जाळीच्या आत, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात हे मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून बांधाने जातात. आत्ताही लांबून ऐकू येतायत. अंधार पडल्यावर पोराला अंगणाच्या पलीकडे सोडत नाही. लहान मुलांच्या बातम्या तू वाचतेसच. दिवसा लाईट द्या, ही मागणी इथे सोयीसाठी नाही.

आणि कागद! पीक शेतात उभं आहे हे आपण मोबाईलवर सांगायचं, ई-पीक पाहणी. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो आणि आमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर. पुढचं तू समजून घे.

एवढं सगळं ऐकून तू म्हणशील, मग करतेस कशाला. मीही कधी कधी म्हणते. पण घराच्या मागे दोन गुंठ्यांत मी बियाण्याचे कांदे लावलेत. गेल्या वर्षीच्या चाळीतले शेवटपर्यंत टिकलेले, पातळ मानेचे, एकसारख्या रंगाचे कांदे बाजूला काढले होते, ते दिवाळीनंतर लावले. आता त्यांना पांढरे गोंडे आलेत आणि दिवसभर मधमाश्या घोंगावतात. माश्या असतील तरच बी भरतं, म्हणून फुलावर असताना त्या रानात आम्ही फवारणी करत नाही, शेजाऱ्यालाही सांगावं लागतं (हो, त्यालाच. निरोप पोराकरवी जातो). काळं बी हातावर चोळून फुंकर मारली की भुसकट उडतं आणि भरीव दाणे राहतात. कांद्याचं बी वर्षभरच चांगलं उगवतं, म्हणून हे दरसाल नव्याने करावं लागतं. दुकानातलं बी एखाद्या वर्षी फसतं. माझं अजून फसलेलं नाही, आणि आता वाडीतल्या चार बायका माझ्याकडून नेतात. ह्यात कुणाचा भाव चालत नाही, मी सांगेन तो.

आता तुझ्या मेसेजच्या शेवटाला येते. तू अगदी सहज बोलून गेलीस, दादाने हक्कसोडीच्या कागदावर सही मागितलीय, पुढच्या महिन्यात जाऊन देऊन टाकते. सुषे, तू बाहेर एकर विकत घ्यायला निघालीस आणि घरचा एकर सही करून सोडतेस, हे गणित मला कळलं नाही. आपल्याकडे शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. भाऊजींच्या घरी सातबारा नाही. तुझं नाव आहे ते फक्त तुझ्या वडिलांच्या जमिनीवर वारस म्हणून लागलेलं. ते उतरलं की कागदोपत्री तूही शेतकरी राहत नाहीस. २००५ च्या कायद्यानंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे दादालाही ठाऊक आहे, म्हणून तर कागद करतोय.

भावाशी भांड असं मी म्हणत नाही. कसणारा तो आहे, घाम त्याचा आहे. उद्या तू वाटा मोजून मागितलास तर मला वाईटच वाटेल. पण सही करायच्या आधी त्याच्याबरोबर बांधावर जाऊन ये. विहिरीत पाणी किती, सोसायटीचं कर्ज किती, वहिनीचं नाव कुठे आहे का, हे विचार. आणि एवढी हौस आहे तर त्यालाच सांग, की पाच गुंठे मला भाजीला दे, शनिवार-रविवार मी येते. तो हो म्हणाला तर जागेचे पैसे वाचले. नाही म्हणाला तर निदान कळेल.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाळ भरून होईल. त्यानंतर या, दोघंही. बाजाराच्या दिवशी नको, त्या दिवशी घरात माणूस नसतं. चीक तुमच्यासाठी डीप फ्रीजमध्ये ठेवलाय शेजारी, खरवस आल्यावर करू. पोरासाठी इकडे मिळत नाही तो ड्रॉइंगचा जाड कागद आण, आणि स्वतःसाठी बूट. सँडल घालून येऊ नकोस, गेल्या वेळचं विसरलेली नाहीये.

तुझी,
मंगल

ता. क. टेम्पोवाल्याबरोबर अर्धी गोणी कांदे पाठवतेय. प्लास्टिकच्या पिशवीत किंवा फ्रीजमध्ये कोंबू नकोस, पाटीत पसरून वाऱ्याला ठेव. त्यात जोड कांदे आहेत आणि थोडी चिंगळी, म्हणजे अगदी बारीक कांदे, ते आधी संपव. गोळा कांदा दिवाळीपर्यंत राहायला हरकत नाही.