दोन फाइली

फोंडा,
श्रावणातला रविवार

प्रिय नलू,

हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करू की नको, यावर तू दोन पानं लिहिलीस आणि दम्याचं शेवटच्या ओळीत उरकलंस. मला तीच ओळ आधी दिसली.

गेल्या वर्षीचं सांगते. पाळी थांबून दीड वर्ष झालेलं, रात्री घामाने उशी भिजायची. स्त्रीरोगाच्या डॉक्टर बाईंनी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या हॉर्मोन गोळ्या दिल्या आणि महिन्याभरात मी माणसात आले. मग जुलै लागला. पहाटे चारला छातीत मांजर बसल्यासारखी घुरघुर. मी म्हटलं, पाऊस! आमच्याकडे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. निळा पंप, तात्पुरता आराम देणारा, दिवसातून चार-पाचदा ओढू लागले. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, नवीन औषध काही? मी ठामपणे नाही म्हटलं. ती गोळी 'औषध' आहे हे डोक्यातच नव्हतं गे. आणि बाईंना दम्याचं कधी बोललेच नव्हते. दोन फाइली, दोन वेगळ्या पिशव्यांत.

दुसऱ्या खेपेला दोन्ही पिशव्या छातीच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिकाम्या केल्या. त्यांनी पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणाऱ्या नळीत, तीनदा फुंकायला लावलं, सर्वांत मोठा आकडा धरायचा. आला २७०. एरवी ३८० असायचा. मग विचारलं, रोजचा पंप घेता ना? मी गप्प. झोप लागू लागल्यावर बरं वाटलं, म्हणून स्टेरॉइडचा पंप मीच सोडला होता. नुसत्या निळ्यावर दमा काढू नये, हे २०१९ पासून 'जीना' या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शनातही आहे म्हणाले. हॉर्मोनच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या नाहीत. स्टेरॉइडचा पंप नियमित झाला, त्यानंतर चुळा भरायची सवय लावली, आणि गणेश चवथीपर्यंत वहीत ३६० लिहिलं. तेव्हा दोष पावसाचा, गोळीचा की माझ्या आळसाचा, तूच ठरव. मला आळसाचा वाटतो.

पण गोळी अगदी निर्दोष, असंही नाही. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात हॉर्मोन घेणाऱ्या बायकांना नव्याने दमा जडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. फ्रान्समध्ये ते नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत दिसलं. उलट ब्रिटनमधल्या २०२१ च्या अभ्यासात कमी! हॉर्मोनचा छातीशी काही संबंध आहे, एवढं मात्र आपल्याला अभ्यासाशिवायही ठाऊक होतं. वसतिगृहात पाळीच्या आधी दोन दिवस माझी छाती भरायची, तू मध्यरात्री गरम पाण्याचा तांब्या आणायचीस आणि रेक्टरबाई ओरडायच्या. तेव्हा कुणी दोन्ही गोष्टी जोडल्या नाहीत. बऱ्याच बायकांना तसं होतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

म्हणून गोळी घेण्याआधी दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे लिही. सुरू केल्यावरही लिहीत राहा, म्हणजे घसरण झाली तर दिसेल. मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाचं बाईंना सांग, कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर तेही. दम्यासाठी प्रेडनिसोलोनचे, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्यांचे, कोर्स किती झाले तेही आठवून ठेव. पाळी गेल्यावर हाडं आधीच ठिसूळ होऊ लागतात, त्यात या स्टेरॉइडची भर.

माझ्याकडे जुना मीटर पडून आहे. तोंडाची नळी नवी घे, बाकी चालतो. रत्नागिरीला जाणाऱ्या पुतण्याबरोबर पाठवते. चवथीला येशील तर गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बांधायला हात लाव, पण धुपाच्या खोलीत मात्र मी तुला बसू देणार नाही.

तुझी,
मालन