बॉर्डनसाहेब तीन वर्षं राहिले होते

मा. संपादक, स.न.वि.वि.

शाळेत बाहेरच्या संस्था येऊन ‘जागतिक नागरिकत्व’, म्हणजे जगातले प्रश्न आपलेही आहेत हे समजून वागणं, शिकवतात त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. मी बडोद्यात एका गुजराती माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला सामाजिक विज्ञान शिकवते, वीस वर्षं झाली. अशा संस्था नकोत असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट मला त्या हव्याच आहेत. वर्गात ५५ मुलं, पोर्शन संपवायचा, परीक्षा, मध्येच निवडणुकीची ड्युटी आणि त्यात हेही शिकवा. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ ला शाश्वत विकासाची जी १७ उद्दिष्टं ठरवली त्यातल्या चौथ्या, शिक्षणाच्या उद्दिष्टात (कलम ४.७) हे आहे, आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही जागतिक नागरिकत्व शिक्षण असं चक्क लिहिलंय, पण बीएडला आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही तर आम्ही आणायचं कुठून?

गेल्या वर्षी एक संस्था आली, एका दिवसासाठी. हॉलमध्ये तीनशे मुलं बसवली, झेंडे ओळखा, गालावर झेंडे रंगवा, फोटो, सर्टिफिकेट, आणि चार वाजता गाडी गेली सुद्धा. दुसऱ्या दिवशी एक मुलगी मला विचारते, मॅडम, म्हणजे आफ्रिकेतली मुलं गरीब आहेत आणि आपण त्यांना मदत करायची, असंच ना? मला फार वाईट वाटलं. याच मुलीच्या घरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं होतं, वह्या-पुस्तकं सगळी गेली, गल्लीत मगर फिरत होती, आणि नदीकाठी भराव घालून बांधकामं कशी झाली, पाऊस असा एकदम का कोसळतो, दुसऱ्या देशातल्या नदीकाठच्या मुलांचंही असंच होतं का, हे त्या अख्ख्या दिवसात तिला कुणी विचारलं नाही.

आणि आपल्या गावात याचे धडे काय कमी आहेत? बाबासाहेब आंबेडकरांना सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबियात शिकता आलं, आणि तेच १९१७ ला इथे नोकरीवर आले तर बडोद्यात कुणी त्यांना राहायला खोली देईना, शेवटी कमाटीबागेत झाडाखाली जाऊन बसले. मी मुलांना तिथे नेऊन हे सांगते तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो, मग एक एक जण बोलायला लागतो, आमच्या सोसायटीत पण अमक्यांना घर भाड्याने देत नाहीत वगैरे. मला वाटतं नागरिकत्वाचा खरा तास तिथे सुरू होतो, पण पुढे तो कसा न्यायचा, भांडण न होता मुलांना कसं बोलतं ठेवायचं हे मला नीट येत नाही, इथेच मला बाहेरच्या माणसाची मदत हवी आहे.

बाहेरचा माणूस कसा असावा हेही बडोद्याला माहीत आहे. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावलं, ते जवळजवळ तीन वर्षं राहिले, इथल्याच लोकांना ग्रंथपालाचं ट्रेनिंग दिलं आणि मग परत गेले. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी अजून चालू आहे, गावोगावी वाचनालयं उघडली ती त्याच शिकवलेल्या माणसांच्या जोरावर. म्हणून संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की मुलांकडे नंतर या, आधी आम्हा शिक्षकांना शिकवा, महिन्यातून एकदा तरी या, वर्गात मागे बसा, माझं कुठे चुकतं ते सांगा, आणि साहित्य गुजराती-मराठीत द्या, इंग्रजी स्लाइड्स आमच्या मुलांच्या डोक्यावरून जातात. फोटो काढायचेच असतील तर वर्षाच्या शेवटी काढा.

शनिवारी शाळा सकाळची असते, सुटल्यावरचे दोन तास मी द्यायला तयार आहे, आणखी तीन शिक्षिका पण तयार आहेत, मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. जूनपासून सुरू करता येईल.

आपली,
एक शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे