सात पानांची फांदी जंगलीच असते असं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतल्या बागकामाच्या सदरात ‘गुलाबाला सात पानांची फांदी फुटली की ती जंगली समजून कापावी’ हा सल्ला पुन्हा छापून आला आहे. हाच सल्ला ऐकून मी एका वेलगुलाबाच्या चार लांब, तजेलदार फांद्या बुडापासून कापल्या होत्या, म्हणून लिहिते आहे.

तो ‘न्यू डॉन’ होता, फिकट गुलाबी फुलांचा, मावशीने दिलेल्या काडीपासून वाढवलेला. काडीवर वाढलेल्या झाडाला वेगळा खुंट, म्हणजे कलमाखालचा दुसऱ्या गुलाबाचा मुळांसकटचा बुंधा, नसतोच, मग जंगली फुटवा येणार कुठून? हे तेव्हा सुचलं नाही. पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, मोजल्या, सात भरल्या, कात्री चालवली. पुढच्या हंगामात कमानीवर मोजून अकरा फुलं आली. ज्या फांद्यांवर बहर यायचा त्या मीच तोडल्या होत्या, याचं आजही वाईट वाटतं.

या समजुतीला थोडा आधार आहे. डोळा भरलेल्या, म्हणजे खुंटाच्या सालीत हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवलेल्या, कलमाचा खुंट पुष्कळदा मल्टिफ्लोरा या जंगली गुलाबाचा असतो. त्याच्या पानात बहुधा सात ते नऊ पर्णिका असतात, आणि वरच्या हायब्रीड टी गुलाबाच्या पानात बहुधा पाच. सांगता सांगता ‘बहुधा’ मात्र गळून गेलं. न्यू डॉन 1930 साली आला आणि 1931 मध्ये वनस्पतीला मिळालेलं जगातलं पहिलं पेटंट त्याच्या नावावर लागलं. विचुरियाना या जंगली गुलाबाच्या वंशातला असल्याने त्याच्या चकचकीत पानांत सात पर्णिका सर्रास दिसतात. उलट ‘डॉ. ह्युई’ हा गर्द लाल गुलाब खुंट म्हणून वापरला जातो आणि त्याच्या पानात पाच पर्णिकाही असू शकतात. नुसतं मोजणाऱ्याच्या नजरेतून तो सुटतो आणि वरच्या कलमाचं बळ खात राहतो.

खात्री करायची जागा बुडाशी आहे. माती बोटांनी हलकेच बाजूला करून डोळा भरलेल्या जागेची गाठ शोधावी. फांदी गाठीच्या वरून निघाली असेल तर ती आपल्या गुलाबाची, खालून असेल तर खुंटाची. कधी कधी गाठ मातीत गाडली गेलेली असते, त्यामुळे फांदी जमिनीतून वर आली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. खुंटाचा फुटवा कापू नये, खाली ओढून मुळाशीच उपटावा. कापल्यास तळाचे डोळे राहतात आणि तिथूनच नवे फुटवे येतात. देठाच्या तळाशी चिकटलेली उपपर्णंही पाहावीत. मल्टिफ्लोरात त्यांच्या कडा कंगव्यासारख्या कातरलेल्या असतात. पण त्याच वंशातल्या काही वेलगुलाबांतही ही कातर दिसते, म्हणून निवाडा गाठीपाशीच करावा.

फळबागेत पाणसोट, म्हणजे झाडाचं बळ खाणारे सरळसोट फुटवे, काढून टाकायची सवय असलेल्यांना आणखी एक कळकळीची विनंती. गुलाबात गाठीवरून येणारे जाड, लालसर, भराभर वाढणारे फुटवे हेच झाडाचं पुढचं खोड असतं. वेलगुलाबाचे असे फुटवे कोवळे आणि लवचिक असतानाच आडवे वळवून बांधावेत. उभ्या फांदीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, त्यामुळे फुलं फक्त टोकाला येतात. फांदी आडवी केली की शेंड्याचं वर्चस्व सैल पडतं आणि डोळ्याडोळ्याला आखूड बगलफूट येऊन तिच्या टोकाशी कळ्या लागतात. कापाकापीनंतर आलेली पहिली लांब फांदी मी दोन आठवड्यांत थोडी थोडी वाकवत जाळीवर आडवी केली. दोरी सैल, आठच्या आकड्यात बांधली, म्हणजे साल काचत नाही. त्या एका फांदीला एकोणीस बगलफुटी आल्या. मी त्या रोज सकाळी जाऊन पाहत असे.

पुढच्या रविवारी सदरात पर्णिकांच्या चित्राऐवजी बुडाच्या गाठीचं चित्र छापावं, एवढी विनंती. छाटणीचा हंगाम सुरू होण्याआधी छापलं तर फार बरं होईल.

आपली नियमित वाचक,
बावीस वर्षं गुलाब लावणारी एक गृहिणी