सेंट हेलेन्स बघाच

संपादक महोदय,
मुलांकडे अमेरिकेत जाणारे आईबाबा नायगारा बघून येतात, पण वॉशिंग्टन राज्यात कोणी असेल तर माऊंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी सोडू नका. जॉन्स्टन रिज या समोरच्या डोंगरकड्यावरून विवर अगदी समोर दिसतं, 18 मे 1980 च्या उद्रेकात डोंगराची अख्खी बाजूच ढासळली, उंची जवळपास 400 मीटरने घटली आणि तिथे निरीक्षणाला बसलेला ज्वालामुखीतज्ज्ञ डेव्हिड जॉन्स्टन, वय फक्त 30, रेडिओवर खबर देतादेताच गेला. स्मारकावर मृतांची 57 नावं आहेत, ती सगळी वाचल्याशिवाय पाय निघत नाही. आजूबाजूला राखाडी प्युमिस (ज्वालामुखीतून निघालेला हलका, सच्छिद्र दगड) आणि त्यातूनच उगवलेली जांभळी ल्युपिनची फुलं! मात्र 2023 मध्ये दरड कोसळून रिजकडे जाणारा वरचा रस्ता बंद झाला होता, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा.
– एक वाचक, पुणे